दुसरी एन्ट्री

हेमाताईंनी पहिल्याच दिवशी असा हंबरडा फोडला, की शेजारच्या अस्थिरोग वॉर्डातले दोन नातेवाईक आणि एक वॉर्डबॉय धावत आमच्या दारात आले.

"कोण गेलं?" वॉर्डबॉयनं मला विचारलं.

"कोणी नाही. सराव चाललाय."

"कशाचा?" म्हणत त्यानं आत डोकावलं. जमिनीवर कोसळलेल्या बाई उठून बसल्या, पदर नीट केला आणि त्याच्याकडे पाहून त्यांनी अशी मान डोलावली, जणू तो तिकीट काढून आला होता. तो ओरडलाच, "अरे, ह्या तर हेमलता दडमल! वडशाच्या कंपनीतल्या! ताई, आमच्या गावच्या शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीच्या रात्री, तुमचं नाटक होतं. अख्खा मंडप रडला होता जी!"

"मागच्या रांगेत बसला होता का तू?" हेमाताईंनी विचारलं.

"हो ना."

"पाहा पोरी," त्या माझ्याकडे वळल्या. "मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे आवाज."

"इथे मागची रांग नाहीये, हेमाताई," मी म्हणाले. "इथे समोर एकच माणूस असणार आहे. तोही हाताच्या अंतरावर."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मग मजा काय?" त्या म्हणाल्या.

मी तेव्हा संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रशिक्षण कक्षात लागले होते. कक्ष म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या मधोमध काच. काचेच्या अलीकडे आम्ही बसायचो, पलीकडे रबरी माणसं असायची. कोणाच्या दंडात सुई टोचून शिकायचं, कोणाच्या छातीवर दाब द्यायला शिकायचं. डॉ. निर्मला कोठेकर या भूलतज्ज्ञ बाईंनी हा कक्ष जवळजवळ एकटीनं उभा केला होता. त्यांच्याच सांगण्यावरून मी आधी संगणकावरचा एक खेळ तयार केला होता. अपघातात मुलगा दगावलाय, बाहेर त्याची आई वाट पाहतेय, तिला कसं सांगायचं? पडद्यावर आईचा चेहरा दिसे आणि खाली चार वाक्यं. बरोबर वाक्य निवडलं की पुढचा प्रसंग.

इंटर्न मुलांनी तो खेळ झटक्यात जिंकला. सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी खूश होते. मग एके दिवशी कोठेकर मॅडम मला कॅज्युअल्टीत घेऊन गेल्या. खेळात पैकीच्या पैकी मिळवलेला एक मुलगा एका म्हाताऱ्याला चालता चालता सांगत होता, "पेशंट ऑफ झाला बाबा. तिकडे बसा." म्हातारा त्याच्या मागे चालत राहिला. त्याला 'ऑफ'चा अर्थ कळला नव्हता.

परत येताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "समोर लिहिलेलं वाक्य ओळखता येतं त्यांना. तोंडातून काढता येत नाही. आपल्याला पडदा नको, माणूस हवा."

तो माणूस त्यांनी वडशाहून आणला. तिकडच्या धानाच्या पट्ट्यात, झाडीपट्टीत, दिवाळीनंतर नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडप पडतात आणि रात्ररात्रभर नाटकं चालतात. उन्हाळ्यात कलावंत मोकळे असतात. हेमाताई पन्नाशीच्या, वीस-बावीस हंगाम आईच्या भूमिका केलेल्या. आंधळी आई, हाकलून दिलेली आई, तुरुंगातल्या मुलाची आई. आमची आई त्यांना किरकोळच वाटली असावी.

पण मला हवं होतं ते त्यांनी आजवर केलं नव्हतं. आमची चाचणी होणार होती. आठ इंटर्न एकामागून एक आत जाणार आणि प्रत्येकाला तीच आई भेटली पाहिजे. तोच आवाज, तेच प्रश्न, रडणं त्याच जागी. एकाला मऊ आई मिळाली आणि दुसऱ्याला चिडकी, तर गुणांना अर्थच उरणार नव्हता. मी प्रसंग फांद्यांसारखा लिहिला होता. डॉक्टर असं बोलला तर आईनं हे म्हणायचं, तसं बोलला तर ते. आणि सगळ्यात वर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'परीक्षार्थीला कोणत्याही प्रकारे मदत करायची नाही.'

"म्हणजे तो 'एक्सपायर' म्हणाला तर मी 'म्हणजे काय?' विचारायचं," हेमाताईंनी उजळणी केली. "बसायला सांगितलं तर बसायचं. नाही सांगितलं तर उभंच राहाचं."

"हो."

"आणि त्यानं धाडकन सांगून टाकलं तर?"

"तर गप्प. तो बोलेपर्यंत किंवा वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत काही बोलायचं नाही."

"घंटा होतपर्यंत?" त्यांनी भुवया उंचावल्या. "स्टेजवर एवढा वेळ कोणी गप्प बसलं तर लोक खुर्च्या फेकतील बाप्पा."

तरी त्या शिकल्या. आणि कशा शिकल्या! आवाज उतरवत उतरवत त्यांनी तो कुजबुजीपर्यंत आणला. मंडपभर पसरणारं रडणं त्यांनी गळ्यातल्या एका आवंढ्यात बसवलं, आणि तो आवंढा हंबरड्यापेक्षा जास्त लागायचा. मी सलग कितीदा तोच प्रसंग करून घेतला, तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते एकाच शब्दावर, मुलाच्या नावावर. समोरच्यानं 'रोशन' म्हटलं की पाणी. मी दोन चित्रफिती शेजारी शेजारी लावून पाहिल्या. एकीवरून दुसरी छापून काढावी इतक्या सारख्या! प्रयोगशाळेत मी जी उपकरणं वापरली होती, त्यांतलं एकही इतकं भरवशाचं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या हसल्या.

"रोज रात्री तेच करते मी पोरी. गावं बदलतात. आई तीच राहते."

चाचणी बघायला महाविद्यालयानं डॉ. देवगिरीकरांना पाठवलं होतं. निवृत्त शल्यविशारद, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. काचेशेजारची खुर्ची त्यांनी मागे ओढून घेतली, जणू जवळ बसल्यानं काहीतरी चिकटेल.

"निर्मला, हे बघ," ते कोठेकर मॅडमना म्हणाले, "माझा या नाटकांवर विश्वास नाही. आम्ही हे असं कुठे शिकलो होतो? पण तुझी परीक्षा सगळ्यांना सारखी आहे असं दिसलं, तर मी तसं लिहीन. नाही दिसलं, तर ही खोली रेकॉर्ड विभागाला जाईल. त्यांना जागा कमी पडतेय."

"चालेल सर," मॅडम म्हणाल्या. पण हातातलं पेन त्या सारखं उघडबंद करत होत्या.

पहिले पाच जण ठीक गेले. डॉ. मृण्मयी कानफाडे नावाची चुणचुणीत मुलगी तर आत जाऊन, आईला बसवून, पाणी देऊन, सगळं रांगेत करून बाहेर आली. तिला उत्तम गुण पडले. कोणी अडखळलं, कोणी 'एक्सपायर' म्हणालं, आणि हेमाताईंनी "म्हणजे काय, साहेब?" असं अगदी त्याच सुरात विचारलं. देवगिरीकर सर मधूनमधून मान हलवत होते. माझा तक्ता भरत चालला होता आणि सगळं जसं लिहिलं होतं तसंच घडत होतं.

सहावा जयदीप वैरागडे होता. त्या तुकडीतला सगळ्यात हुशार मुलगा. ईसीजी हातात दिला, तर कागद सरळ करायच्या आत निदान सांगायचा. तो आत आला तो फाइल छातीशी धरूनच.

हेमाताई दारात उभ्या राहिल्या. "साहेब, माझा पोरगा कुठे हाये? रोशन. गाडीवरून पडला म्हणाले."

"हो," जयदीप म्हणाला. "पेशंट एक्सपायर झालाय. पोटात रक्तस्राव होता. बॉडी पीएमला जाईल, त्यासाठी नातेवाइकाची सही लागते. तुम्ही आई ना? इथे."

हे सगळं त्यानं एका दमात म्हटलं. मग फाइल पुढे केली.

लिहिल्याप्रमाणे हेमाताई गप्प उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. जयदीपची फाइल तशीच पुढे धरलेली. मग ती हातातून सुटली आणि कागद फरशीवर पसरले. ते उचलायलाही तो वाकला नाही. त्यानं मान वळवली आणि काचेकडे पाहिलं. थेट आमच्याकडे.

देवगिरीकर सरांनी हळूच म्हटलं, "गेला हा."

मी तक्त्यावर शून्य लिहायला पेन टेकवलं होतं. तेवढ्यात हेमाताई वळल्या, दार उघडून बाहेर गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी चक्रावले. असं कोणत्याच फांदीवर नव्हतं. कोठेकर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली.

दारावर टकटक झाली. हेमाताई आत आल्या. तोच पदर, तीच घाई, तोच आवाज.

"साहेब, माझा पोरगा कुठे हाये? रोशन. गाडीवरून पडला म्हणाले."

जयदीप त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पायानंच ते कागद बाजूला सारले आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली.

"मावशी, बसा," तो म्हणाला. "सोबत कोणी आहे का तुमच्या?"

"कोणी नाही. तुम्ही सांगा ना."

तो त्यांच्यासमोर उकिडवाच बसला, कारण दुसरी खुर्ची तिथे नव्हती.

"रोशनला खूप लागलं होतं. आम्ही त्याला ऑपरेशनला घेतलं. पण नाही वाचवू शकलो मावशी. रोशन गेला."

हेमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच शब्दावर, नेहमीसारखं. जयदीप तसाच त्यांच्यासमोर बसून राहिला. सहीचं, शवविच्छेदनाचं सगळं तो विसरला. बऱ्याच वेळानं हेमाताई म्हणाल्या, "मले त्याला पाहाचं हाये."

"मी नेतो," तो म्हणाला. "मी सोबत येतो तुमच्या. चला."

आणि त्यानं त्यांना उठायला हात दिला. घंटा वाजली, तेव्हा ते दोघं दारापर्यंत पोचले होते.

माझं पेन अजून तक्त्यावर तसंच होतं. तक्त्यात दुसऱ्या वेळेसाठी रकानाच नव्हता.

"वा!" देवगिरीकर सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची काचेजवळ ओढली होती. "ऐकून न ऐकल्यासारखं करून बाहेर जाणारी, पुन्हा येऊन तेच विचारणारी आई. पाहिलंय मी हे. माझ्या वॉर्डात एक बाई तीनदा आली होती. फार बारकाईनं लिहिलंय. कोणी, तू लिहिलंस?"

ते माझ्याकडे बघत होते. कोठेकर मॅडमही माझ्याकडेच बघत होत्या. मी 'हो' म्हटलं असतं, तर खोली राहिली असती. पुढच्या दोन मुलांसाठी तीच फांदी जोडली असती, तर कोणाला शंकाही आली नसती. पण सहाव्याला दोनदा मिळालं होतं आणि आधीच्या पाचांना एकदाच. हे मला माहीत होतं, आणि माहीत असून तो तक्ता मला पुढे भरता आला नसता.

"सर, हे लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

हेमाताईंना काचेच्या अलीकडे बोलावलं. त्या पदरानं चेहरा पुसतच आल्या. पाठोपाठ जयदीप आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"बाई, तुम्ही बाहेर जाऊन परत का आलात?" देवगिरीकर सरांनी विचारलं.

"त्यानं विंगेत पाहिलं जी."

"कुठे?"

"विंगेत. तुमच्याकडे." त्यांनी काचेकडे बोट केलं. "स्टेजवर माणूस वाक्य विसरला का विंगेत पाहते. तिथे प्रॉम्प्टर असते ना. या पोराला प्रॉम्प्टर नाही, कोणी नाही. मग सोबतच्या नटानं काय कराचं? त्याची चूक झाकून त्याला आधीच्या वाक्याचा क्यू परत द्याचा. नाही जमलं तर आपली एन्ट्रीच परत घ्याची. लोकांना वाटते नाटकातच हाये. आमच्यात सोबतच्याला स्टेजवर पडू देत नाहीत साहेब. शत्रू असला तरी."

"पण तो तुमच्या सोबतचा नट नाही. तो परीक्षेला बसलाय."

"ते मले माहीत हाये जी. पोरीनं लाल अक्षरात लिहून दिलं हाये." हेमाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "पाच जणांना नाही केली मदत. त्यांनी विंगेत नाही पाहिलं. याच्या वेळी पाय आपोआप वळले. चूक माझी. पण मी त्याला वाक्य नाही सांगितलं. एक शब्द नाही. फक्त दार वाजवलं."

देवगिरीकर सरांनी पेनाला टोपण लावलं.

"निर्मला, ही चाचणी रद्द. दुसरं काही मला लिहिता येणार नाही."

"बरोबर आहे, सर," कोठेकर मॅडम म्हणाल्या.

हेमाताईंचा चेहरा उतरला. मी त्यांना कितीदा तरी रडताना पाहिलं होतं, पण हा चेहरा त्या आईचा नव्हता. "माझ्यापायी खोली गेली का जी?" त्यांनी मॅडमना विचारलं.

मॅडमनी उत्तर द्यायच्या आत दार धाडकन उघडलं. मृण्मयी कानफाडे आणि तिच्यामागे बाकीचे इंटर्न. बाहेर बातमी पोचली होती.

"मॅडम, हे चालणार नाही," मृण्मयी म्हणाली. "जयदीपला दोनदा दिलं म्हणे."

"चाचणी रद्द झालीय मृण्मयी. कोणालाच गुण नाहीत."

"गुणांचं नाही म्हणत मी. त्याला दोनदा आणि आम्हाला एकदाच, हा अन्याय आहे."

"तुला तर सगळ्यात जास्त मिळाले होते," मी म्हणाले.

"त्याचंच सांगतेय मी!" तिचा आवाज चढला. "मी बसवलं, पाणी दिलं, नाव घेतलं, सगळं केलं. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी मनात म्हणत होते, आता पुढचा मुद्दा कोणता? मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. बाहेर आल्यापासून मला ते खातंय. मला परत करायचंय."

मागून कोणीतरी म्हणालं, "मलाही. मी त्यांचा हात धरायला गेलो आणि घाबरून घड्याळच बघितलं."

"मी तर 'ऑफ' म्हणालो."

"तू काय, तू आईला 'सर' म्हणालास!"

हसू फुटलं. जयदीपही हसला, भिंतीला टेकूनच. मग तो म्हणाला, "मलाही परत पाहिजे. मी सहीचं विसरलो. ते सांगायचं कसं, तेच मला कळत नाही."

"तुला तिसऱ्यांदा? वा रे!" मृण्मयी म्हणाली. "शेवटी उभा राहा."

कोठेकर मॅडमनी माझ्या हातातला तक्ता घेतला, पालथा घातला आणि हेमाताईंकडे वळल्या. "ताई, तुम्ही दमलात. आज सात वेळा मुलगा गेलाय तुमचा. नको म्हणालात तरी चालेल."

हेमाताईंनी त्या आठ पोरांकडे पाहिलं. मंडपात लोक भरायला लागले की नट जसा पडद्याच्या फटीतून बघतो, तसं त्या बघत होत्या.

"एक चहा सांगा," त्या म्हणाल्या. "आलं घालून. घसा बसून राहिला."

आणि मग माझ्याकडे वळून, "लाल अक्षराचं काय कराचं?"

"ते राहू द्या, हेमाताई," मी म्हणाले. "आजपुरतं."

आजपुरतं म्हणाले खरी. पण त्या खोलीत पुढे परीक्षा कधी झालीच नाही; झाला तो सरावच.

चहा आला. हेमाताईंनी तो उभ्यानंच घेतला, पदर खोचला, दाराबाहेर गेल्या. पोरं रांगेला लागली. मी खुर्ची सारखी करायला आत गेले, फरशीवरचे कागद गोळा केले, उकिडवं बसायला लागू नये म्हणून आईसमोर दुसरी खुर्ची ठेवली. बाहेर आले, तेव्हा काचेजवळची देवगिरीकर सरांची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, अहवाल लिहायला गेले.

मग मृण्मयीचा आवाज ऐकू आला. एरवी कोणाला न दबणारी ती मुलगी एकदम अवघडून बोलत होती. "सर, तुम्ही... तुम्ही पुढे या ना, सर."

रांगेच्या टोकाला, जयदीपच्याही मागे, देवगिरीकर सर उभे होते. शर्टाच्या बाह्या दुमडत होते. सगळी पोरं वळून त्यांच्याकडे बघायला लागली आणि आपोआप भिंतीकडे सरकून त्यांनी वाट केली.

"सरकू नका," ते म्हणाले. "नंबरानं येतो मी."